बिननावाची तळी

१

विषय : श्री. अनिश शरच्चंद्र परचुरे, वय वर्षे चौतीस, यांस मृत मानले जाण्याबाबत.

संदर्भ : (१) प्रांतिक पोलिसांचे पत्र, शोधकार्य थांबवीत असल्याबद्दल. (२) सौ. इरावती अनिश परचुरे यांनी कॅनडातील न्यायालयात केलेला अर्ज. (३) सदर अर्जास जोडावयाचे वडिलांचे प्रतिज्ञापत्र, कलमे एक ते नऊ. पैकी कलम सात अपूर्ण.

एवढा मजकूर शरच्चंद्र परचुऱ्यांनी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि पेनाला टोपण लावलं. हे टिपण त्यांच्याकडे कोणी मागितलं नव्हतं. पण सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय धड दुःखसुद्धा करता येत नाही.

प्रकरण थोडक्यात असं होतं. वीस महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, अनिश ऑफिसातल्या दोन मित्रांबरोबर कॅनडाच्या पार उत्तरेला गेला होता. तिथे रस्ते नाहीत. पाण्यावर उतरणारं एक छोटं विमान माणसांना आणि होड्यांना एका तळ्यावर सोडतं आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्याच तळ्यावरून उचलतं. मध्ये नुसती तळी, नद्या आणि पाइनचं जंगल. सहाव्या दिवशी दुपारी मित्रांनी चहाचं आधण ठेवलं आणि अनिश होडी घेऊन समोरच्या काठावर सरपण आणायला गेला. आधण आटलं. अनिश आला नाही. होडीही मिळाली नाही. अठरा दिवस विमानं फिरली, मग तळी गोठली आणि पोलिसांनी पत्र लिहिलं. पत्र चांगलं होतं. भाषा नेमकी, शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

प्रतिज्ञापत्राचं सातवं कलम असं होतं : वरील तारखेनंतर मला माझ्या मुलाकडून कोणताही निरोप, संदेश वा त्याच्या अस्तित्वाची कोणतीही खूण मिळालेली नाही.

खाली सही करायची, नोटरीसमोर. बाकीची आठ कलमं भरून झाली होती.

२

परचुरे राहत ते ठाकूरद्वारच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत टेबल होतं आणि टेबलाच्या काचेखाली नकाशा. इरावतीने पोलिसांकडून मागून पाठवलेला. कोणीतरी निळ्या शाईची दौत झटकावी आणि कागदभर शिंतोडे उडावेत तसा तो दिसे. एका मोठ्या शिंतोड्यावर लाल फुली होती.

पहिल्या हिवाळ्यात दोघं नवरा-बायको त्या टेबलाशी समोरासमोर बसून जेवत. फुली आमटीच्या वाटीखाली येई. एकदा पद्मजाबाईंनी वाटी सरकवली.

"ह्या तळ्याला नाव का नाही हो?"

"तिथे माणूस राहत नाही. नाव ठेवणार कोण?"

"म्हणजे माझा मुलगा कुठे आहे असं कोणी विचारलं, तर सांगायलासुद्धा काही नाही."

परचुऱ्यांना रिकामा रकाना पाहवत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कापडी पुठ्ठ्याची नोंदवही आणली आणि पट्टीने रकाने आखले : अनुक्रमांक, तळ्याचे नाव, मागील तळे, पुढील तळे, शेरा. फुलीच्या तळ्यापासून लहान लहान तळ्यांची एक माळ आग्नेयेकडे गेली होती. एका तळ्यातून दुसऱ्यात कसं जातात ते अनिशनेच एकदा फोनवर सांगितलं होतं. तळं संपलं की होडी उलटी करून डोक्यावर घ्यायची, जंगलातून चालत पुढच्या तळ्यावर जायचं, तिथे पुन्हा पाण्यात सोडायची.

"म्हणजे हमाली," परचुरे म्हणाले होते.

"हमालीच, बाबा. पण मजुरी वर आपणच द्यायची."

नावं शोधायला लांब जायची गरज पडली नाही. शाळेत असताना अनिश दर रविवारी चौपाटीवर खेळायला जाई आणि चालत घरी येई. तीच वाट परचुऱ्यांनी शाईने उतरवली. फुलीचं तळं सगळ्यांत मोठं, म्हणून अनुक्रमांक एक, चौपाटी. दोन, आंबेवाडी. तीन, मुगभाट. चार, कांदेवाडी. पाच, ठाकूरद्वार नाका. सहावं जरा लांबट आणि वाकडं होतं, त्याला जिना म्हटलं. सातवं, माळेतलं शेवटचं, मोहरीएवढं होतं.

"त्याला मोरी म्हणा," पद्मजाबाई म्हणाल्या. "बाहेरून आला की आधी तिथेच तर पाय धुवायचा." आणि त्या हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

परचुऱ्यांनी लिहिलं. शेऱ्याचा रकाना मात्र कोरा ठेवावा लागला, कारण शेरा मारण्यासारखं काही घडलेलं नव्हतं.

३

मे महिन्याच्या तीन तारखेला, नेहमीप्रमाणे सकाळी सहाला, परचुरे आणि तळमजल्यावरचे दत्ताराम चौपाटीवर गेले. दत्ताराम देवगडकडचे. कापडगिरणीत बत्तीस वर्षं साचे, म्हणजे माग, चालवलेले, पण बोलायला लागले की अजूनही बंदरावर असल्यासारखे बोलत. हा फेरा त्या दोघांचा सात वर्षांचा होता. बाकापर्यंत जायचं, बसायचं, सरकारला नावं ठेवायची, उठायचं.

त्या दिवशी बाकाच्या अलीकडे वाळूत एक चर पडलेला होता. पाण्यापासून निघून सरळ रस्त्याच्या कठड्यापर्यंत आलेला, हात-दीड हात रुंद.

"होडी ओढल्यानी कोणीतरी," दत्ताराम म्हणाले आणि खाली वाकले. "पण आपली न्हय ही. आपल्या होडीची खूण मधे खोल जाता. हिचा बूड सपाट असा."

"पोलिसांची असेल. रबराची असते."

"पोलीस ओढतत होय हाताने!" दत्तारामांनी चरातल्या ओल्या वाळूला बोट लावलं आणि जुन्या सवयीने जिभेवर टेकवलं. मग परत लावलं. "परचुरेनू, ह्या पाणी गोडा असा."

"काय सांगता!"

"तुम्ही चाखा. खारट नाय. आणि थंड किती!"

परचुऱ्यांनी चाखलं नाही. समुद्राकाठची वाळू चाखून बघणं हे त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या दर्जाला शोभणारं नव्हतं. त्यांनी फक्त चर कुठे संपतो ते पाहिलं. कठड्यापाशी संपत होता, आणि तिथून पुढे फुटपाथवर ओल्या पावलांची एक ओळ प्रार्थना समाजाकडे गेली होती. एकाच माणसाची, ओझं घेतलेल्या माणसासारखी, टाचा दाबून टाकलेली. मे महिन्याचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं आणि ती वाळत नव्हती.

"चला," परचुरे म्हणाले. "आज साखर कमी सांगू चहात."

घरी येऊन त्यांनी नोंदवही उघडली नाही. उघडायचं कारण नव्हतं.

४

इरावतीचा फोन दर शनिवारी सकाळी येई. तिकडे तेव्हा शुक्रवारची रात्र असे. पडद्यावर तिचा चेहरा आणि मागे त्यांचं स्वयंपाकघर. हल्ली ती आधी पद्मजाबाईंची चौकशी करी, मग हवेची, मग कागदाकडे वळे.

"बाबा, सही झाली का?"

"होते आहे. नोटरीकडे जायचंय."

"तीन महिने झाले बाबा. वकील म्हणतात, तुमच्या कागदाशिवाय ते फाइल पुढे नेतच नाहीत." तिने मागे वळून पाहिलं. "त्याचा ब्रश अजून ग्लासात आहे. मी रोज बघते. टाकला तर मी मारला त्याला असं होतं, ठेवला तर... मला विधवा व्हायचंय असं मी कोणाला सांगू, बाबा? तुम्हालाच सांगतेय."

"बरोबर आहे तुझं."

"आई, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना."

"ते करतील हो," पद्मजाबाई म्हणाल्या. त्या शेंगा सोलत होत्या.

वाट भटजीही पाहत होते. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यालाच अग्नी देतात, मग पुढचे दिवस. पण भटजी तरुण आणि सावध होते. दाखला आल्यावर करू म्हणाले. उद्या माणूस दारात उभा राहिला तर त्याचं पुन्हा बारसं करावं लागतं, फार उपद्व्याप असतो. यमालाही हल्ली झेरॉक्स लागते, असं परचुरे त्यावर म्हणाले होते, आणि कोणी हसलं नव्हतं.

त्याच शनिवारी, नऊ तारखेला, भांड्यांना रखमा उशिरा आली. ती घोडपदेवहून येई आणि आधी आंबेवाडीतली दोन घरं करून मग परचुऱ्यांकडे.

"काय सांगू काकू, वाडीत नुसतं पाणी! चौकात ह्ये एवढं. कुठून आलं कोणाला म्हाईत नाय. पाइप फुटला म्हणावं तर पाइप सुका. गटाराचं म्हणावं तर वास चांगला."

"वास चांगला?"

"सफरचंदाचं नवं खोकं फोडल्यावर येतो ना, तसा. लाकडाचा. आणि रंग चहाचा, बिनदुधाच्या. पाय घातला मी, तर हाडापोतर थंड. बाया म्हणतात बर्फवाल्याचा टेम्पो कलंडला असंल."

परचुरे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. अनिशने एकदा तिकडच्या पाण्याचा फोटो पाठवला होता. परचुऱ्यांनी विचारलं होतं, हे घाण का? घाण नाही बाबा, झाडांच्या मुळांचा अर्क उतरतो, सगळी तळी अशीच चहासारखी असतात, आम्ही हेच पितो.

५

चौदा तारखेला परचुरे मुगभाटात नोटरीकडे गेले. विकास नाबर नावाचे हे गृहस्थ एका इमारतीच्या तळमजल्यावर, पूर्वी जिथे पिठाची गिरणी होती त्या गाळ्यात बसत. गिरणी जाऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांच्या स्टँपपेपरांना ज्वारीचा वास होता.

"या परचुरे. आज पाय जरा वर घेऊन बसा," नाबर म्हणाले. लादीवर पाणी होतं. दोन स्टुलांवर फायली चढवून ठेवलेल्या. "सकाळी उघडलं तर हे असं. वरच्यांचं गळतं म्हणून वर गेलो, तर ते मला दम देतात की खालून ओल चढते. मुंबईत पाणी कुठून येतं ते परमेश्वराला ठाऊक आणि येत नाही ते मुन्सिपालटीला."

परचुऱ्यांनी खाली पाहिलं. पाण्याचा रंग चहाचा होता. त्यावर पाइनच्या दोन काड्या, देठाशी जोडलेल्या, हळूहळू दाराकडे चालल्या होत्या. वारा नव्हता. पंखा बंद होता.

"सगळं भरलंयत की. अक्षर म्हणजे अक्षर आहे तुमचं," नाबर कागद चाळत म्हणाले. "सातवं राहिलं. करा सही. 'कोणतीही खूण मिळालेली नाही.' नाही ना मिळाली?"

परचुऱ्यांनी पेन उघडलं. छत्तीस वर्षांत त्यांनी आळस केला होता, फायली दडपल्या होत्या, साहेबांच्या आज्ञेवरून पत्रांवर मागच्या तारखा टाकल्या होत्या. पण स्वतःच्या सहीने खोटं प्रतिज्ञेवर लिहिलं नव्हतं. तो एक माज त्यांनी जपला होता. दुसरा जपण्यासारखा कुठला मिळाला नाही.

"खूण म्हणजे नक्की काय धरायची, नाबर?"

"म्हणजे?"

"व्याख्या दिलेली नाही यात."

नाबरांनी चष्मा काढला. "अहो, पत्र. फोन. कोणी पाहिलं असेल तर ते. खूण म्हणजे खूण. पाण्यात पाय बुडवून व्याख्या काय विचारताय?"

"दोन दिवसांनी येतो," परचुरे म्हणाले.

६

घरी येऊन त्यांनी नोंदवही काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात प्रथमच लिहिलं. अनुक्रमांक एक, तीन मे. दोन, नऊ मे. तीन, चौदा मे.

मग ते पुसता आलं असतं तर पुसावं अशा मुद्रेने बसून राहिले. तीन नोंदींवरून निष्कर्ष काढू नये, हे त्यांनी कितीतरी कनिष्ठ लिपिकांना सांगितलं होतं. शहरात पाणी साचतं. वाळूत चर पडतात. दत्तारामांच्या जिभेवर साठ वर्षांची तंबाखू आहे. आणि मुलगा नाहीसा होऊन वीस महिने झालेल्या बापाला चहात पाइन दिसलं तर त्यात पाइनचा दोष नाही. हे सगळं मुद्देसूद होतं. फक्त क्रम चुकत नव्हता. क्रम त्यांनी स्वतः लावला होता, आणि तो घराबाहेर कोणाला माहीत नव्हता.

पद्मजाबाई खांद्यामागून वाचत होत्या.

"पाच-सहा दिवस लागतात म्हणजे एकेकाला," त्या म्हणाल्या. "कांदेवाडी एकोणीस-वीसला."

"तुला कोणी सांगितलं?"

"रखमा बोलली तेव्हा मी तिथेच होते. दत्तारामभाऊही बोलले होते जिन्यात. मला काय कळत नाही?"

"अगं, हे शक्य नाही."

"मी कुठे म्हणते शक्य आहे म्हणून?" त्या मोरीत गेल्या. मोरी म्हणजे आतल्या खोलीच्या कोपऱ्यात गुडघाभर कठडा घातलेली जागा. तिथे पिंप, बादली, तांब्या. त्यांनी कठड्यावरचं सामान हलवायला सुरुवात केली. साबण, घासणी, रॉकेलचा जुना डबा. जागा करत होत्या.

"सही नका करू इतक्यात," त्या आतून म्हणाल्या.

"आणि इरावती?"

त्यावर नुसता डबा सरकल्याचा आवाज आला.

७

वीस तारखेला दुपारी दोनला परचुरे कांदेवाडीत एका लग्नपत्रिकांच्या दुकानापुढे उभे राहिले. बघायला आलो नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. बघून काही दिसत नाही याची खात्री करायला आलो आहे. या दोहोंत फरक असतो. सरकारी कामात तर फारच असतो.

"मुलाचं की मुलीचं?" दुकानदाराने विचारलं.

"मुलाचं."

"तारीख?"

"ठरायची आहे अजून."

दुकानदाराने नमुन्यांचा गठ्ठा पुढे केला. गणपती, कलश, मोर. परचुरे एकेक उलटत होते. रस्त्यावर नेहमीची गर्दी. हातगाडी, टेम्पो, कोणीतरी कोणाला तरी शिव्या देत होतं. मग पायांना गारवा लागला. वातानुकूलित दुकानाचं दार उघडावं तसा. आणि तो खोक्याचा वास.

समोरच्या फुटपाथला उभ्या केलेल्या टेम्पोंच्या टपांवरून एक लांब हिरवी वस्तू चालली होती. पालथी, दोन्ही टोकांना निमुळती, वालाच्या शेंगेसारखी. ती सरळ रेषेत जात नव्हती. माणसाच्या चालीने जराशी खाली-वर होत होती. लोक बाजूला होत होते. कोणी मान वर करून पाहत नव्हतं. डोक्यावर ओझं घेतलेल्याला वाट देताना या शहरात चेहरा पाहण्याची रीत नाही.

दोन टेम्पोंच्या मधल्या फटीत ती आली तेव्हा परचुऱ्यांना पाय दिसले. गुडघ्यापर्यंतच, वरचं सगळं होडीच्या आत. ओली विजार चिकटलेली. एका पायात बूट, एक अनवाणी. अनवाणी पाय फार वेळ धुणं धुतलेल्या हाताच्या बोटांसारखा पांढरा आणि चुरगळलेला होता. डावं पाऊल किंचित बाहेर पडत होतं. ते तसं पडतं म्हणून सहाव्या वर्षी डॉक्टरांना दाखवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, काही नाही, सुधारेल. सुधारलं नव्हतं.

एवढं पाहून बापाने हाक मारायला हवी होती. परचुऱ्यांचं तोंड उघडलंही. मग त्यांचं लक्ष होडीच्या काठांकडे गेलं. सतरा फुटांची होडी डोक्यावर तोलायची तर दोन्ही बाजूंनी काठ हातांनी धरावे लागतात. अनिशनेच सांगितलं होतं, खांदे भरून येतात म्हणून.

काठांवर हात नव्हते. एकाही बाजूला नव्हते.

होडी थांबली. पुढचं टोक हळूहळू वळून दुकानाच्या दिशेला आलं, वास घेणाऱ्या जनावराच्या नाकासारखं.

परचुरे पत्रिकांच्या फळ्याआड सरकले. तिथे ते मोर आणि कलश बघत उभे राहिले, दुकानदार दोनदा "साहेब?" म्हणेपर्यंत.

८

घरी आल्यावर त्यांनी लाल शाईचं पेन शोधलं. पद्मजाबाई खाली भाजीला गेल्या होत्या. नोंदवही उघडून त्यांनी पट्टी ठेवली आणि अनुक्रमांक सात, मोरी, यावर आडवी रेघ मारली. नियमाप्रमाणे बाजूला आद्याक्षरं, तारीख आणि कारण : नोंद नजरचुकीने झाली, सबब रद्द. रेघ सरळ आली.

सव्वीस तारखेला ठाकूरद्वारच्या नाक्यावर गटाराचं झाकण काढून पालिकेची माणसं काहीतरी शोधत होती. परचुरे पलीकडच्या फुटपाथने गेले.

एकतीस तारखेला सकाळी, पाणी यायच्या वेळेला, जिन्यात आवाज झाला. ठक्. मग काहीतरी लांब लाकडावर घासल्याचा. पुन्हा ठक्.

चाळीचा जिना लाकडी आणि मध्ये वळणाचा. लोखंडी कपाट आणलं तेव्हा ते त्या वळणात अडकलं होतं आणि शेवटी गॅलरीतून दोरांनी वर घ्यावं लागलं होतं. साडेसहा फुटांच्या वर काही वळत नाही, हे परचुऱ्यांना तेव्हापासून माहीत होतं. ते दाराच्या आत उभे राहून ऐकत होते. वर चढायचं, भिंतीला लागायचं, मागे घ्यायचं, जरा थांबायचं, पुन्हा. पाऊण तासाने नळ गेला आणि आवाज थांबला.

दत्ताराम वर आले. "परचुरेनू, सामान येता काय तुमच्याकडे? कोणतरी लांब कायतरी फिरवत होतो जिन्यात. बघूक गेलंय तर कोण नाय. पायऱ्यो मात्र सगळ्यो भिजलेल्यो."

"सुतार येणार होता पहिल्या मजल्यावर."

"सुतार गो बाय सकाळी साडेपाचाक!" दत्ताराम स्वतःशीच म्हणाले आणि जिना न बघता, कठड्याला धरून उतरले.

पद्मजाबाईंनी मोरीत गरम पाण्याची बादली आणि नवा पंचा मांडून ठेवला होता. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी त्यांनी नोंदवही उघडली. परचुरे दाढी करत होते.

"हे कधी केलंत?"

"वीस तारखेला."

"मला विचारायचं होतंत."

"तू पाहिलेलं नाहीस, पद्मजा. त्याला हात नाहीत."

पद्मजाबाईंनी त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. आवाज चढवणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

"हात नाहीत," त्या म्हणाल्या, "तर पाय कोणी धुवायचे त्याचे?"

परचुऱ्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"परत लिहा ते."

"रद्द केलेली नोंद पुन्हा चालू होत नाही. नवीन अनुक्रमांक लागतो."

"मग द्या नवीन."

त्यांनी साबणाचा फेस पुसला, खुर्चीवर बसले, काळं पेन उघडलं आणि आठ हा आकडा घातला. जिन्यात ठक् झालं. पुढचा रकाना नावाचा होता. पेन कागदाला टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा एक ठिपका पसरत पसरत वाटाण्याएवढा झाला. मग त्यांनी टोपण लावलं.

पद्मजाबाईंनी बादली उचलली, पंचा खांद्यावर टाकला आणि त्या जिन्याकडे गेल्या. वळणापर्यंत सात पायऱ्या होत्या. परचुऱ्यांनी त्या उतरल्याचं ऐकलं. मग आवाज थांबला, आणि पाणी ओतल्याचा आला, सावकाश, एकेक तांब्या.

त्या परत आल्या तेव्हा बादलीत तळाला उरलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. पंचा ओला होता. त्यांची बोटं गारठून निळी पडली होती.

परचुऱ्यांनी चहा केला आणि कप दोन्ही हातांत धरायला दिला.

९

नोटरी नाबरांनी व्याख्येचा वाद घालायला नकार दिला आणि जे लिहाल त्यावर शिक्का मारतो म्हणाले. कलम सातमधलं छापील वाक्य खोडून परचुऱ्यांनी लिहिलं : याबाबत बेपत्ता व्यक्तीच्या वडिलांना निश्चित सांगता येत नाही. खाली सही केली. त्याचं इंग्रजी भाषांतर, नोटरीचा शिक्का, तीन प्रती. कुरियर सहा दिवसांत पोहोचलं.

न्यायालयाच्या कचेरीकडून इरावतीच्या वकिलांमार्फत विचारणा आली की, कलम सातमधील विधान संदिग्ध आहे. खूण मिळाली असल्यास तिचे स्वरूप, दिनांक व स्थळ नमूद करावे. मिळाली नसल्यास तसे स्पष्ट म्हणावे. उत्तरास तीस दिवसांची मुदत.

इरावती शनिवारी फोनवर रडली नाही. तिने फक्त विचारलं, "बाबा, तुम्हाला काही कळलंय का? कळलं असेल तर सांगा. कसंही असलं तरी सांगा." परचुरे म्हणाले, तपासून सांगतो. पद्मजाबाई तेव्हा जिन्यात होत्या.

उत्तराचे दोन मसुदे तयार आहेत. पहिल्यात तारखा व स्थळे दिली आहेत, स्वरूपाचा रकाना कोरा आहे. दुसऱ्यात 'खूण मिळालेली नाही' एवढी एकच ओळ आहे. दोन्हींवर सही नाही. मुदत पंधरा दिवसांनी वाढवून मागितली होती, ती मिळाली.

अर्ज प्रलंबित आहे.